सूर्याची वीज आणि खेड्यातील घर : तंजावरच्या अनुषंगाने

इ. स. १८२६ च्या मार्च महिन्याच्या अखेरीस बिशप हेबर तंजावरास आले, त्या वेळी दुसरे सरफोजी राजे यांनी जमविलेला ग्रंथसंग्रह पाहुण्यांना दाखविण्यात आला. त्या भेटीच्या वृत्तांतात ग्रंथांच्या कपाटांबरोबरच शेजारच्या दालनातील काही उपकरणांचाही उल्लेख आहे : एक वातपंप, खगोलशास्त्राची उपकरणे, हस्तिदंती मानवी सांगाडा आणि एक विद्युत्‌यंत्र. त्या काळच्या अशा यंत्रात काचेचा गोल अथवा तबकडी हाताने फिरवीत व चामड्यावर घासून तिच्यावर विद्युत्‌भार साठवीत. बोट जवळ नेले की चटकन ठिणगी उडे. पाहणारा चकित होई. पण त्या ठिणगीने घरातील कोणतेही काम होत नसे. पुढे तेराच वर्षांनी, १८३९ मध्ये, एडमंड बेकरेल या तरुण फ्रेंच शास्त्रज्ञाला असे आढळले की विशिष्ट द्रावात बुडविलेल्या धातूच्या पट्ट्यांवर प्रकाश पडला असता मंडलातून विद्युत्‌प्रवाह वाहू लागतो. काहीही न घासता, काहीही न जाळता, केवळ प्रकाशापासून वीज! सरफोजी राजे १८३२ मध्ये निवर्तले होते. नाही तर हे नवल पाहण्याची उत्सुकता त्यांना खचितच वाटली असती.

आज त्याच राजवाड्याच्या आवारात सरस्वती महाल ग्रंथालय उभे आहे, राजघराण्याचे वंशज वाड्याच्या एका भागात राहतात, आणि वाड्यापासून काही मैल कोणत्याही दिशेने गेले की कावेरीच्या कालव्यांनी भिजलेली भातशेती व नारळीच्या बागा लागतात. या खेड्यांतील घरांवर सूर्याची वीज पोहोचली आहे. ती कशी निर्माण होते, तिच्याकडून किती अपेक्षा करावी, आणि ज्या रात्री तिची खरी निकड असते त्या रात्री ती उपयोगी पडते की नाही, हे प्रश्न प्रस्तुत पुस्तिकेत विचारात घ्यावयाचे आहेत.

बिलात न दिसणारी शक्ती

सौरशक्ती म्हटले की काळसर निळ्या पॅनेलचे चित्र डोळ्यांसमोर येते. परंतु घरगुती कामासाठी सूर्याचा उपयोग काही नवा नाही. तंजावरच्या जुन्या घराच्या मध्यभागी उघडा चौक असतो. त्याला तमिळ भाषेत मुट्रम म्हणतात, आणि महाराष्ट्रातील वाड्याच्या चौकाशी त्याचे नाते कोणाच्याही सहज ध्यानात येते. उन्हाळ्यात या चौकात व गच्चीवर तांदळाचे वडाम, अप्पळम आणि मिठात घातलेल्या भाज्यांचे वत्तल वाळत पडलेले दिसतात. आपल्याकडील कुरडया, पापड, सांडगे यांची ही सख्खी भावंडे. बरणीच्या तोंडाला फडके बांधून लोणचे उन्हात ठेवणारी गृहिणी सौरशक्तीचाच वापर करीत असते. तिची मोजदाद मात्र कोणत्याही मीटरवर होत नाही.

ही मोजदाद करून पाहण्यासारखी आहे. एक किलो पाण्याची वाफ होण्यास सुमारे ०.६३ युनिट उष्णता लागते. (एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास, एक हजार वॉटचे उपकरण एक तास चालविले तर तेवढी ऊर्जा खर्च होते.) आता शंभर किलो ओले भात घेऊ. त्यात ओलावा शेकडा २२ असेल तर कोरडा भाग ७८ किलो आणि पाणी २२ किलो. हा ओलावा शेकडा १७ वर आणावयाचा म्हणजे उरलेल्या राशीत ७८ किलो हा शेकडा ८३ भाग झाला पाहिजे. रास ९४ किलोंची उरेल. सहा किलो पाणी उडून जावे लागेल. त्याला लागणारी उष्णता ६ × ०.६३, म्हणजे पावणेचार युनिट. एका चौरस मीटरवर दिवसभरात पाच युनिट ऊन पडते आणि त्यातील तिसरा हिस्सा खरोखरीच पाणी उडविण्याच्या कामी येतो असे धरले, तर अडीच चौरस मीटर जागेवरचे एका दिवसाचे ऊन एवढ्या कामाला पुरेल. प्रत्यक्षात भाताचा थर चारपाच सेंटीमीटरपेक्षा जाड ठेवता येत नाही म्हणून जागा याहून अधिक लागते. थर मधूनमधून उलथावाही लागतो, कारण फार वेगाने वाळलेल्या दाण्याला आतून बारीक चिरा पडतात आणि गिरणीत त्याची कणी होते.

१७ हा आकडा उगीच निवडलेला नाही. सरकारी खरेदी केंद्रावर भात घेण्यासाठी ओलाव्याची नेहमीची मर्यादा तीच आहे. कुरुवै हंगामाचे पीक सप्टेंबर-ऑक्टोबरात हाती येते, आणि नेमका तोच ईशान्य मोसमी पावसाच्या आरंभाचा काळ. शेतकरी डांबरी रस्त्याच्या कडेला भात पसरतो, आभाळ भरून आले की ताडपत्री ओढतो, पुन्हा उघडतो. आणि ओलाव्याची मर्यादा वाढवून मिळावी ही मागणी अशा हंगामात डेल्टात पुनःपुन्हा ऐकू येते. शंभर किलोंमागे पावणेचार युनिट ऊन, एवढाच हा व्यवहार. पण ते ऊन वेळेवर मिळाले नाही तर हंगामाची कमाई धोक्यात येते. सौरशक्तीचा विचार करताना तिचे एकूण प्रमाण जितके महत्त्वाचे, तितकीच ती कधी मिळते ही गोष्टही महत्त्वाची. दिव्यांच्या बाबतीत हाच मुद्दा पुन्हा येणार आहे.

सूर्याच्या उष्णतेवर अन्न शिजविण्याच्या प्रयोगाला आपल्या देशात बराच जुना इतिहास आहे. विल्यम ॲडम्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मुंबईत आरशांची अष्टकोनी भट्टी तयार केली होती, आणि जानेवारीच्या थंडीतही सात शिपायांचा शिधा तिच्यात दोन तासांत शिजतो, असे त्याने १८७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात नमूद केले. स्वातंत्र्यानंतर दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने अंतर्वक्र आरशाची सूर्यचूल बनविली. ती बाजारात आली, पण लोकांनी ती स्वीकारली नाही. यात लोकांचा हेकटपणा होता असे मानण्याचे कारण नाही. जेथे इडली सूर्योदयाच्या सुमारास वाफवावयाची आणि रात्रीचे जेवण दिवेलागणीनंतर रांधावयाचे, तेथे भर दुपारी अंगणात चालणारी चूल कितीही उत्तम असली तरी ती अवेळीच पेटते.

प्रकाशापासून वीज कशी होते

बेकरेलच्या शोधाचे व्यवहारोपयोगी उपकरणात रूपांतर होण्यास ११५ वर्षे लागली. एप्रिल १९५४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या चॅपिन, फुलर व पिअर्सन या तिघा संशोधकांनी सिलिकॉनचा सौरघट जगापुढे मांडला. त्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी शेकडा सहा भागाची वीज होत असे. आज बाजारात मिळणाऱ्या चांगल्या पॅनेलमध्ये हे प्रमाण शेकडा वीसच्या वर गेले आहे.

सिलिकॉन हे मूलद्रव्य वाळूत विपुल असते. त्याच्या प्रत्येक अणूच्या बाह्य कक्षेत चार इलेक्ट्रॉन असतात आणि शेजारच्या चार अणूंशी ते जोडलेले असतात. चार माणसांनी चारी बाजूंनी एकमेकांचे हात धरावेत, तसे. सर्वांचे हात गुंतलेले असल्याने मोकळे फिरणारे कोणी उरत नाही, म्हणून शुद्ध सिलिकॉनमधून वीज फारशी वाहत नाही. आता त्यात अत्यल्प प्रमाणात फॉस्फरस मिसळला, तर त्याच्या अणूला पाच इलेक्ट्रॉन असल्यामुळे एक शिल्लक उरतो. याउलट बोरॉन मिसळला, तर त्याला तीनच इलेक्ट्रॉन असल्याने एक जागा रिकामी राहते. या दोन प्रकारच्या सिलिकॉनचे थर एकमेकांस भिडविले म्हणजे सीमेजवळचे काही शिल्लक इलेक्ट्रॉन पलीकडच्या रिकाम्या जागा भरून टाकतात, आणि सीमेवर एक कायमचे विद्युत्‌क्षेत्र तयार होते. हे क्षेत्र दाराशी बसलेल्या पहारेकऱ्यासारखे असते. इलेक्ट्रॉनला ते एकाच दिशेने जाऊ देते.

या घटावर सूर्यकिरण पडले की प्रकाशाचा कण एखाद्या गुंतलेल्या इलेक्ट्रॉनला धक्का देऊन मोकळा करतो. मोकळा झालेला इलेक्ट्रॉन सीमेवरील क्षेत्राच्या तडाख्यात सापडला की एका बाजूस ढकलला जातो. मागे उरलेली रिकामी जागा दुसऱ्या बाजूस सरकते. दोन्ही बाजूंना तारा जोडून मध्ये दिवा ठेवला, तर त्या इलेक्ट्रॉनला आपल्या जागी परतण्याचा एकच मार्ग उरतो, आणि तो दिव्यातून जातो. यात काही झिजत नाही, काही जळत नाही. पॅनेल वीस-पंचवीस वर्षे टिकते ते यामुळेच.

एका घटातून मिळणारा विद्युत्‌दाब अर्ध्या व्होल्टच्या थोडासाच वर असतो. यास्तव छत्तीस घट एकापुढे एक जोडून सुमारे अठरा व्होल्टचे पॅनेल करतात. बारा व्होल्टची बॅटरी भारित करण्यास एवढा दाब पुरेसा होतो. मात्र या एकापुढे एक जोडणीमुळे एक अडचण उद्भवते. पाण्याचा लांब रबरी नळ एका ठिकाणी पायाखाली दाबला तर सगळ्या नळाची धार बारीक होते. त्याचप्रमाणे छत्तीसांपैकी एका घटावर सावली पडली की संपूर्ण ओळीचा प्रवाह मंदावतो. पॅनेलमध्ये बसविलेली उपमार्गाची योजना हे नुकसान काहीसे मर्यादित करते, पण पूर्णपणे टाळू शकत नाही. तंजावर जिल्ह्यात घराच्या आसपास नारळ नाही असे खेडे विरळाच. झावळीची सावली अंगणात सुखद वाटते. पॅनेलवर ती पडली, तर सकाळचे दोन तास वाया गेले असे समजावे.

आणखी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. ऊन जितके तापदायक, तितकी वीज अधिक, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः घटाला प्रकाश हवा असतो. उष्णता त्याला मारक ठरते. पॅनेलवर लिहिलेली शक्ती पंचवीस अंश सेल्सिअस तापमानाला मोजलेली असते, आणि त्यापुढे प्रत्येक अंशाला ती शेकडा ०.४ च्या आसपास घटते. वैशाखात छपरावरचे पॅनेल साठ अंशांपर्यंत तापले, तर पस्तीस अंशांच्या फरकाने शेकडा चौदा भाग वीज कमी मिळेल. म्हणून पॅनेल कौलांना चिकटवून बसवू नये. खालून वारा खेळेल एवढे, वीतभर अंतर ठेवावे.

तंजावरचा सूर्य

तंजावर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे पावणेअकरा अंशांवर आहे. पुणे साडेअठरा अंशांवर. वर्षभराचा विचार करता पॅनेलचा तिरपेपणा साधारणपणे त्या ठिकाणच्या अक्षांशाएवढा ठेवतात व त्याचे तोंड दक्षिणेकडे करतात. पुण्यास जे पॅनेल चांगले उभे केलेले दिसते, तेच तंजावरास जवळजवळ आडवे पडलेले असते. अगदीच आडवे मात्र ठेवू नये. दहा अंशांचा उतार असला म्हणजे पावसाचे पाणी धूळ आपणहून धुऊन नेते.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या अखेरच्या आठवड्यात तंजावरला सूर्य बरोबर डोक्यावर येतो. भारतीय प्रमाणवेळ तंजावरच्या बरीच पूर्वेकडील रेखावृत्तावरून घेतलेली असल्यामुळे त्या दिवशी सावली नाहीशी होण्याची वेळ घड्याळात बाराऐवजी सव्वाबाराच्या सुमारास येते. शाळेच्या पटांगणात एक सरळ काठी उभी करून विद्यार्थ्यांना हे पाहता येईल. या दोन दिवसांच्या मधल्या काळात मध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे झुकलेला असतो, आणि दक्षिणेकडे तोंड केलेल्या पॅनेलकडे तो किंचित पाठीमागून पाहतो. कोन लहान असल्याने नुकसान थोडेच होते.

वर्षाची सरासरी काढली, तर या भागात दर चौरस मीटरवर दररोज पाच ते साडेपाच युनिट सूर्यशक्ती पडते. परंतु सरासरीवर विसंबणाऱ्यास येथे फसगत सोसावी लागेल. महाराष्ट्रात मेघाच्छादित काळ जून ते सप्टेंबर असतो. तंजावरला वर्षाच्या पावसातील निम्म्याच्या आसपास वाटा ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत येतो; बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळे येण्याचा मोसमही हाच. दिवस लहान, आभाळ झाकोळलेले, आणि वीज जाण्याचा संभव सर्वाधिक. घराला सूर्याच्या विजेची गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच सूर्य सर्वांत कृपण असतो. यासाठी हिशेब वर्षाच्या सरासरीवर न करता नोव्हेंबरच्या उन्हावर केला पाहिजे.

पाच दिव्यांचे घर

तमिळनाडू शासनाने २०११ मध्ये ग्रामीण भागातील गरिबांसाठी सौरशक्तीवरील हरित घरांची योजना हाती घेतली. दरवर्षी साठ हजार याप्रमाणे पाच वर्षांत तीन लक्ष घरे बांधावयाची, असा संकल्प होता. प्रत्येक घर तीनशे चौरस फुटांचे; आणि त्यात निजावयाची खोली, बैठकीची खोली, स्वयंपाकघर, शौचकूप व ओसरी या पाच ठिकाणी प्रत्येकी एक सौर दिवा. आरंभी घरामागे एक लक्ष ऐंशी हजार रुपये खर्च धरला होता. त्यांपैकी तीस हजार दिव्यांसाठी होते. ज्याला हवी असेल त्याने वीज कंपनीची जोडणीही घ्यावी, अशी मुभा होती. सरकारी घरकुलाच्या आराखड्यातच छपरावरच्या विजेचा समावेश असावा, ही कल्पना त्या काळी नवी होती.

पाच दिव्यांसाठी किती साधनसामग्री लागते, याचा हिशेब वाचकांनी स्वतः करून पाहावा. नऊ वॉटचे पाच एलईडी दिवे रोज चार तास जळले तर ९ × ५ × ४ = १८० वॉट-तास वीज खर्च होईल. बॅटरीत जाताना, बॅटरीतून येताना, तारांत, धुळीत व उष्णतेत मिळून शेकडा चाळीस भाग नाश पावतो असे धरू. तेव्हा पॅनेलने ३०० वॉट-तास दिले पाहिजेत. वर्षाच्या सरासरीचे पाच तास पूर्ण ऊन मोजले तर साठ वॉटचे पॅनेल पुरे. नोव्हेंबरचे चार तास धरले तर पंचाहत्तर वॉटचे हवे. फरक पंधरा वॉटचाच आहे, पण अंधार आणि उजेड यांतील अंतर तेवढेच आहे.

बॅटरीचा हिशेब यापेक्षा कडक असतो. बारा व्होल्टच्या बॅटरीतून १८० वॉट-तास काढावयाचे म्हणजे रोज १५ अँपिअर-तास. दोन दिवस ऊन पडले नाही तर ३० लागतील. शिसे व आम्ल यांची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी केली की तिचे आयुष्य झपाट्याने कमी होते. म्हणून ६० अँपिअर-तासांची घ्यावी. एवढी काळजी घेऊनही अशी बॅटरी साधारणतः तीन ते पाच वर्षांत निकामी होते. पॅनेल पंचवीस वर्षांचे आणि बॅटरी चार वर्षांची. म्हणजे एका पॅनेलच्या हयातीत पाचसहा बॅटऱ्या येऊन जावयाच्या! लिथियम-लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्या अधिक वर्षे टिकतात व अधिक खोलवर रिकाम्या करता येतात, पण त्यांची पहिली किंमत जास्त असते.

पहिली बॅटरी शासन देते, संस्था देते, एखादा दाता देतो. दुसरी कोण आणणार? खेड्यातील सौरदिव्यांचे भवितव्य या एका प्रश्नावर जितके अवलंबून आहे, तितके घटाच्या कार्यक्षमतेवर नाही. बिहारमधील धरनई या गावी २०१४ मध्ये मोठ्या गाजावाजाने गावापुरते सौर वीजकेंद्र सुरू झाले. पुढे तारांची स्वस्त वीज गावात आली, केंद्राच्या बॅटऱ्या संपल्या, त्या बदलण्याची सोय झाली नाही, आणि काही वर्षांतच ते केंद्र बंद पडले. पॅनेल तोवर शाबूत होती.

जुन्या चिमणीशी तुलना केली म्हणजे या पाच दिव्यांचे मोल समजते. बारीक वातीची रॉकेलची चिमणी काही दशक ल्युमेन एवढाच प्रकाश देते. नऊ वॉटचा एलईडी सुमारे नऊशे. चिमणीखाली पुस्तक धरणारे मूल धूर गिळत असे, आणि एका बाजूला बसलेल्या भावंडाला अक्षर दिसत नसे. भातखाचरांच्या मुलखात ओसरीवरच्या दिव्याला आणखी एक महत्त्व आहे : पावसाळी रात्री उंबऱ्याशी पडलेला साप वेळीच दिसतो.

१६ नोव्हेंबर २०१८

त्या दिवशी पहाटे ‘गज’ हे चक्रीवादळ नागपट्टिनम व वेदारण्यम यांच्या दरम्यान किनाऱ्यावर येऊन थडकले. तंजावर शहराच्या दक्षिणेस पट्टुकोट्टै, पेरावूरणी, ओरत्तनाडू या भागांतील नारळीच्या बागा एका रात्रीत आडव्या झाल्या. समुद्रकाठी मल्लिपट्टिनमजवळ सरफोजी राजांनी बांधविलेला मनोरा उभा आहे. त्या किनाऱ्यावरील कोळ्यांच्या नावांचीही मोठी हानी झाली. वादळग्रस्त जिल्ह्यांत मिळून लाखाहून अधिक विजेचे खांब पडले. शेजारच्या राज्यांतूनही लाइनमन मदतीस आले; तरी अनेक खेड्यांना दिवसच नव्हे, तर आठवडे अंधारात काढावे लागले. वीज नाही म्हणजे पंप नाही, पंप नाही म्हणजे टाकीत पाणी नाही, आणि मोबाइल भारित झाला नाही म्हणजे मदत मागावयाची कोणाकडे व कशी?

अशा प्रसंगी छपरावरच्या पॅनेलने काय केले असते? याचे उत्तर पॅनेल कसे जोडलेले आहे यावर अवलंबून आहे, आणि ही गोष्ट पुष्कळ सुशिक्षितांसही ठाऊक नसते.

आज शहरांत व संपन्न खेड्यांत ज्या प्रकारची सौर योजना अधिक बसविली जाते, ती बॅटरीवाचून असते. पॅनेलची एकदिश वीज इन्व्हर्टर नावाच्या उपकरणात प्रत्यावर्ती होते व घरात वापरून उरलेली वीज तारांवाटे कंपनीकडे जाते. रात्री घर कंपनीची वीज घेते. बॅटरीचा खर्च नाही, तिची निगा नाही. केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये आरंभिलेल्या ‘प्रधानमंत्री सूर्य घर’ योजनेत अशाच जोडणीसाठी एक किलोवॉटला तीस हजार, दोनला साठ हजार व तीन अथवा अधिक किलोवॉटला अठ्ठ्याहत्तर हजार रुपये साहाय्य ठरविण्यात आले. एक कोटी घरांचे उद्दिष्ट होते. एक किलोवॉटला सुमारे दहा चौरस मीटर जागा लागते व तमिळनाडूच्या उन्हात दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. योजना चांगली आहे. परंतु तारांतील वीज बंद झाली की हा इन्व्हर्टरही त्याच क्षणी स्वतःला बंद करतो. डोक्यावर लख्ख ऊन असते आणि घरातला पंखा फिरत नाही!

हा दोष नव्हे. तशी मुद्दाम केलेली व्यवस्था आहे. मुख्य वीज बंद आहे असे समजून लाइनमन तुटलेली तार हाती धरतो. त्या वेळी एखाद्या घराचे पॅनेल त्याच तारेत वीज सोडीत राहिले, तर त्याचा प्राण जाईल. म्हणून नियमच असा आहे की तारा निर्जीव झाल्या की घराच्या छपरानेही मौन धरावे. वादळानंतरच्या दिवसांत लाखभर खांब पुन्हा उभे करणाऱ्या माणसांचे संरक्षण याच मौनाने होते.

याउलट, तारांशी संबंध नसलेली, बॅटरीवर चालणारी पाच दिव्यांची लहानशी योजना तशा रात्रीही चालू राहू शकते. मात्र तिचे पॅनेल वाऱ्याने उडालेले नसावे आणि बॅटरी जिवंत असावी. वादळ ओसरल्यावर आकाश बहुधा लवकरच निवळते, आणि पंचाहत्तर वॉटचे पॅनेल पुन्हा दिवसाचे १८० वॉट-तास देऊ लागते. दोन दिवे विझवून ठेवले तर त्यांतून रोज ७२ वॉट-तास उरतात. तेवढ्यात तीनचार मोबाइल पूर्ण भारित होतात. उंच नारळ कोसळलेल्या अंगणात सावलीचा प्रश्नही उरत नाही, हे लिहिताना लेखणी अडखळते. पण वस्तुस्थिती ती आहे.

दोन्ही पद्धतींची तुलना करताना वीजदराचाही विचार करावा लागतो. तमिळनाडूत २०१६ मध्ये घरगुती ग्राहकास दर दोन महिन्यांस पहिली शंभर युनिट विनामूल्य देण्याचे धोरण सुरू झाले. ज्या घरात एक पंखा, चार दिवे व दूरचित्रवाणी संच आहे, त्याचा वापर महिन्याला पन्नास युनिटांच्या आतबाहेर असतो. ज्याला बिलच येत नाही, त्याला बिलात बचत होईल असे सांगून काय उपयोग? अशा घरी सूर्याची वीज कंपनीच्या विजेची स्पर्धक म्हणून टिकणार नाही. तिला तेथे जागा आहे ती तारा तुटलेल्या रात्रीसाठी, आणि त्या दृष्टीने आठ-दहा हजार वॉटच्या भव्य योजनेपेक्षा जिवंत बॅटरीचे एक लहान पॅनेल अधिक मोलाचे ठरते. सधन घरांनी तारांशी जोडलेल्या पॅनेलबरोबरच बॅटरीचीही सोय असलेला मिश्र इन्व्हर्टर घ्यावा. तारा बंद पडल्यावर तो घराला बाहेरच्या जाळ्यापासून तोडतो आणि आतल्या आत वीज पुरवितो, त्यामुळे लाइनमनलाही धोका पोहोचत नाही.

आश्विनातील तयारी

ईशान्य पावसापूर्वी, म्हणजे सप्टेंबरच्या अखेरीस अथवा ऑक्टोबरच्या आरंभी, पाच दिव्यांच्या घराने अर्धा दिवस या कामी खर्च करावा. पॅनेलची काच सकाळी, ती थंड असताना, साध्या पाण्याने व मऊ फडक्याने पुसावी. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतल्यास तिला तडा जाण्याचा संभव असतो. बॅटरीच्या टोकांवर जमलेली पांढरट-हिरवट बुरशी खरवडून तेथे व्हॅसलीन लावावे. पाणी घालावयाच्या प्रकारची बॅटरी असेल तर खुणेपर्यंत ऊर्ध्वपातित पाणीच घालावे. विहिरीचे वा नळाचे पाणी घालू नये. त्यातील क्षार पट्ट्यांवर बसतात आणि चार वर्षे चालणारी बॅटरी पुष्कळ आधी निकामी होते. त्यानंतर एक दिवस पॅनेलची तार काढून ठेवावी आणि रात्री पाचही दिवे लावून ते किती तास जळतात हे घड्याळावर पाहावे. दोन तासांत मंदावले, तर नवी बॅटरी पावसाआधीच आणावी. वादळानंतर पहिल्या आठवड्यात ती गावात मिळत नाही.

छपरावरील पॅनेलचे नटबोल्ट गंजले असतील तर बदलावेत आणि त्यांच्याजोगा पाना घरातच, सर्वांना ठाऊक असलेल्या जागी टांगून ठेवावा. वादळाचा इशारा साधारणतः दोन-तीन दिवस आधी मिळतो. पंचाहत्तर वॉटचे पॅनेल दोन माणसांना सहज उतरविता येते. तारांची टोके चिकटपट्टीने झाकून, काच भिंतीकडे करून ते आतल्या खोलीत उभे करावे, आणि वारा पडल्यावर पुन्हा चढवावे. चढविताना कोणती तार धन व कोणती ऋण, हे ओळखण्यासाठी तारांना आधीच तांबडी व काळी फीत बांधून ठेवलेली असावी.